कुत्र्याचा प्रत्येक झटका म्हणजे फिट नव्हे : पॅरॉक्सिस्मल डिस्कायनेशिया ओळखणे, नोंदवणे आणि सांभाळणे

दारावरची बेल वाजते, शेपूट हलवत धावलेला लॅब्रॅडॉर दाराशी पोहोचण्याआधीच थबकतो, त्याचा एक मागचा पाय पोटाकडे ओढला जातो, पाठ कमानीसारखी वाकते आणि तो उभ्या जागी डोलू लागतो. नाव घेतले की मात्र तो तुमच्याकडे बघतो, लडखडत जवळ येण्याचाही प्रयत्न करतो. दहा मिनिटांत सगळे ओसरते आणि तो पाण्याच्या भांड्याकडे चालू लागतो. घरात याला 'फिट' म्हटले जाते, शेजारच्या काकू कांदा हुंगवायला सांगतात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही तोच शब्द आपण डॉक्टरांना सांगतो. चूक बहुधा तिथेच सुरू होते.

माहीमच्या आमच्या घरात वाढलेल्या लॅब्रॅडॉर कुत्रीला पहिले सात महिने अपस्माराच्या गोळ्या चालू होत्या. त्यात डॉक्टरांपेक्षा माझा दोष अधिक होता, कारण मी त्यांना 'फिट येते' एवढेच सांगत होते आणि तपासणीच्या टेबलावर ती दर वेळी ठणठणीत असे. शेवटी मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीने निदान बदलले. हा आजार बहुतेक वेळा दवाखान्यात दिसत नाही, घरातच दिसतो, त्यामुळे निदानाचा मोठा भाग घरातल्या माणसावर येऊन पडतो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत औषधांपेक्षा निरीक्षणाला जास्त जागा दिली आहे.

आजार नेमका काय आहे

पॅरॉक्सिस्मल डिस्कायनेशिया म्हणजे अधूनमधून उद्भवणाऱ्या, कुत्र्याच्या ताब्यात नसलेल्या हालचाली आणि स्नायूंचा ताठरपणा. अपस्मारात मेंदूच्या बाह्य आवरणातील पेशींमध्ये विद्युत-संदेशांचा अनियंत्रित भडका उडतो. डिस्कायनेशियात मात्र हालचालींचे नियमन करणाऱ्या, मेंदूच्या खोल भागातील बेसल गँग्लियाच्या कामात बिघाड असावा, असे मानले जाते. म्हणूनच कुत्रा शुद्धीवर राहतो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात त्याची चेताविषयक तपासणी पूर्णपणे सामान्य येते.

अनेक जातींमध्ये हा आजार आनुवंशिक आहे. स्कॉटिश टेरियरमधला 'स्कॉटी क्रॅम्प' १९४०च्या दशकापासून पशुवैद्यकीय साहित्यात आहे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमधील 'एपिसोडिक फॉलिंग' १९८३ मध्ये नोंदवले गेले. चेतापेशींभोवतीच्या जाळीतील ब्रेविकॅन या प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा गळाल्यामुळे ते होते, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. बॉर्डर टेरियरमधील प्रकाराला पूर्वी एका डच कुत्र्याच्या नावावरून 'स्पाइक्स डिसीज' म्हणत. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाशी त्याचा संबंध २०१५ मध्ये दाखवला गेला, आणि त्याची गोष्ट पोळीच्या डब्याशी कशी जोडली जाते ते पुढे येईलच. या जाती मुंबईत फारशा दिसत नाहीत. आपल्याकडे पहिल्यांदा आठवण ठेवावी ती लॅब्रॅडॉर आणि जॅक रसेल टेरियर यांची, कारण या दोन्ही जातींत डिस्कायनेशिया चांगल्यापैकी वर्णिलेला आहे.

पहिली पायरी : झटका चालू असताना काय पाहावे

सर्वांत आधी घड्याळ पाहावे. घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे वीस मिनिटांसारखी वाटतात आणि नंतर सांगितलेला कालावधी जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. त्यानंतर कुत्र्याला नेहमीच्या आवाजात हाक मारावी. तो डोळे वळवतो का, कान हलवतो का, तुमच्या दिशेने यायचा प्रयत्न करतो का, हे पाहावे. डिस्कायनेशियात हे बहुधा घडते, तर संपूर्ण शरीराच्या अपस्माराच्या झटक्यात कुत्रा कुशीवर पडतो, शुद्ध हरपते, पाय वल्हवल्यासारखे हलतात, तोंडाला फेस येतो आणि अनेकदा लघवी किंवा शी होऊन जाते.

झटका संपल्यानंतरचा अर्धा तासही तितकाच महत्त्वाचा आहे. अपस्मारानंतर कुत्रा बराच वेळ गोंधळलेला राहतो, भिंतींना धडकतो, घरच्यांना ओळखत नाही किंवा अधाशासारखा खातो. डिस्कायनेशियातून तो जवळपास लगेच पूर्ववत होतो. कधी सुरू झाला, हाही प्रश्न विचारावा. अपस्माराचा झटका पुष्कळदा झोपेत किंवा विश्रांतीच्या वेळी येतो. डिस्कायनेशियाच्या काही प्रकारांत उत्साह, ताण किंवा व्यायाम हे निमित्त ठरते, तर काहींत कुठलेच निमित्त सापडत नाही.

ही विभागणी शंभर टक्के चोख मात्र नाही. मेंदूच्या एकाच भागापुरत्या मर्यादित असलेल्या अपस्मारात कुत्रा शुद्धीवर राहू शकतो. तेव्हा घरी निष्कर्ष काढू नये, निरीक्षणे जशीच्या तशी गोळा करावीत.

दुसरी पायरी : त्या वेळी काय करावे आणि काय करू नये

घरातला आवाज कमी करावा, टीव्ही बंद करावा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे आणि पंखा चालू ठेवावा. गुळगुळीत फरशीवर कुत्रा आणखी घसरतो म्हणून त्याच्याखाली गोधडी किंवा सतरंजी सरकवावी. जिना, गॅलरी आणि टोकदार फर्निचर यांपासून त्याला दूर ठेवावे. वाकलेला पाय ओढून सरळ करू नये, तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने काहीही साधत नाही, उलट जबडा आवळला गेल्यास आपलीच बोटे सापडतात.

शुद्ध हरपलेला झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त झटके आले, तर ती तातडीची परिस्थिती समजावी आणि चित्रीकरणाच्या नादात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. शुद्धीवर असलेल्या कुत्र्याचा डिस्कायनेशियाचा झटका मात्र अर्धा तास, क्वचित त्याहूनही जास्त चालू शकतो आणि तरीही जिवावर बेतत नाही. पहिल्याच झटक्याच्या वेळी हा फरक तुम्हाला ठरवता येणार नाही, म्हणून पहिल्या वेळी डॉक्टरांना फोन करावा. आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे : रेबीजची लस न घेतलेल्या किंवा लसीची माहिती नसलेल्या कुत्र्यात अचानक लडखडणे, लाळ गळणे आणि स्वभावात बदल दिसला, तर त्याला हात न लावता थेट पशुवैद्यांशी बोलावे.

तिसरी पायरी : चित्रफीत

आपण घेतो त्या बहुतेक चित्रफिती डॉक्टरांच्या उपयोगाच्या नसतात. कॅमेरा कुत्र्याच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो, मागून कोणीतरी रडत असते आणि पाय चौकटीबाहेर असतात. फोन आडवा धरावा, चार-पाच फुटांवर उभे राहून संपूर्ण शरीर, चारही पाय आणि शेपूट दिसेल अशी चौकट ठेवावी आणि निदान एक मिनिट हात हलू देऊ नये. त्यानंतर जवळ जाऊन डोळे आणि तोंड टिपावे. मग कुत्र्याला हाक मारावी आणि त्याचा प्रतिसाद ध्वनीसह येऊ द्यावा, कारण शुद्ध आहे की नाही हे दाखवणारा सर्वांत ठोस पुरावा हाच. झटका ओसरताना आणि ओसरल्यावर तो कसा चालतो, हेही चित्रित करावे.

कुत्रा पूर्णपणे सामान्य असताना त्याचे चालणे, बसणे, उठणे आणि जिना चढणे यांचीही एक चित्रफीत ठेवावी. तुलनेसाठी ती हवीच असते, पण ती मागितली जाईपर्यंत कोणाला आठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना चित्रफितीचा दर्जा घसरतो आणि पायांची बारीक थरथर नाहीशी होते, म्हणून मूळ फाइल फोनमध्येच ठेवून दवाखान्यात ती दाखवावी.

चौथी पायरी : वही

भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल फुली मारणे ही चांगली सुरुवात आहे, पण ती पुरेशी नाही. दर झटक्यासाठी तारीख, वेळ, कालावधी, त्याआधीच्या दोन तासांतील घडामोडी, आधीच्या चोवीस तासांत पोटात गेलेले सर्व काही, हवामान आणि त्या महिन्यात दिलेली औषधे अशी नोंद असावी. शेवटच्या मुद्द्यात गोचिडांच्या गोळ्या विसरू नयेत. आयसोक्साझोलिन गटातील गोळ्यांमुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे आणि फिट दिसू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला होता. याचा अर्थ गोचिडांकडे दुर्लक्ष करावे असा नाही, कारण गोचीड-तापही मुंबईत काही कमी नाही. झटके येणाऱ्या कुत्र्यासाठी गोळी निवडताना डॉक्टरांना हे आठवण करून द्यावे, इतकेच.

आमच्या वहीत तीन महिन्यांनी एक नक्षी उमटली : बहुतेक झटके संध्याकाळी, पाहुणे आल्यावर किंवा इमारतीखाली ढोल वाजू लागल्यावर. आधी आम्ही त्याचे खापर उकाड्यावर फोडत होतो.

पाचवी पायरी : डॉक्टरांकडे

मुंबईत या कामासाठी ठिकाणे आहेत. परळला १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आहे, तर महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. उपनगरातून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की वांद्रे आणि शीवच्या पुढे रिक्षा येत नाही, आणि तीस किलोचा लॅब्रॅडॉर पाहून काळी-पिवळी टॅक्सी थांबेलच याची खात्री नसते, म्हणून गाडी आधीच ठरवावी. पण पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांकडेच व्हावी, कारण लसीकरणाचा आणि आधीच्या आजारांचा इतिहास त्यांच्याकडे असतो.

डिस्कायनेशिया सिद्ध करणारी एकच एक रक्तचाचणी नाही. निदान इतर शक्यता वगळत पुढे जाते, आणि यातल्या काही शक्यता आपल्या शहरात विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली डिस्टेंपर. या विषाणूतून वाचलेल्या कुत्र्याला पाय, डोके किंवा जबडा यांचे ठरावीक लयीत येणारे उचके राहू शकतात. ते झोपेतही चालू राहतात, हा डिस्कायनेशियापासूनचा मोठा फरक आहे. दुसरी शक्यता लॅब्रॅडॉरपुरती : 'एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स'. डायनॅमिन-१ या जनुकातील दोषामुळे होणारा हा आजार २००८ मध्ये उलगडला. पाच ते वीस मिनिटांच्या जोरदार धावपळीनंतर मागचे पाय ढिले पडून कुत्रा कोसळतो, शरीराचे तापमान बरेच चढते आणि क्वचित मृत्यूही होतो. डिस्कायनेशियात स्नायू ताठरतात, इथे ते लुळे पडतात. कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, तेव्हा कोसळल्यानंतर गुदद्वारातील तापमान मोजून ठेवल्यास हा फरक करायला मदत होते.

म्हाताऱ्या जर्मन शेफर्डचे मागचे पाय हळूहळू घासत जाणे हा डीजनरेटिव्ह मायलोपथीचा, म्हणजे मज्जारज्जू हळूहळू झिजण्याच्या आजाराचा, वेगळा विषय आहे. तिथे झटके नसतात, पायांतली शक्ती सतत कमी होत जाते आणि सुरुवात बहुधा आठव्या वर्षानंतर होते. बॉक्सर, डॉबरमन आणि बुलडॉग यांच्यात फक्त डोके 'नाही नाही' किंवा 'हो हो' अशा तऱ्हेने हलत राहण्याचा प्रकार दिसतो. बिस्किटाचे आमिष दाखवून लक्ष वेधले की तो बहुधा थांबतो, आणि सहसा त्याला उपचारांची गरज पडत नाही.

तपासण्यांत रक्तातील पेशींची मोजणी, साखर, कॅल्शियम आणि इतर क्षार, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य आणि गोचीड-तापाची चाचणी एवढे तरी व्हावे. साखर आणि कॅल्शियम कमी झाल्यानेही अंग थरथरते आणि ते दुरुस्त करता येते. एमआरआयसाठी भूल द्यावी लागते आणि खर्चही मोठा असतो, त्यामुळे तो सर्वांनाच करायला लावणे मला पटत नाही. झटके सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर सुरू झाले असतील, किंवा मधल्या काळातही चालण्यात वा वागण्यात दोष असेल, तर मात्र तो टाळू नये.

सहावी पायरी : पोळीचा डबा बंद

मराठी घरातला कुत्रा पोळीवर वाढतो. सकाळी दूध-पोळी, दुपारी जेवताना ताटातला तुकडा, चहाबरोबर खारी किंवा ग्लुकोज बिस्किट, संध्याकाळी पावाचा कडेचा भाग. पाकिटातल्या खाण्याचा हिशेब ठेवणारे आपण हे सगळे मोजतच नाही. बॉर्डर टेरियरच्या अभ्यासांत ग्लुटेनविरहित आहारावर झटके कमी झाले किंवा थांबले, असे दिसले. इतर जातींतील प्रत्येक कुत्र्याला असाच गुण येईल असे नाही, तरी हा प्रयोग स्वस्त आणि निर्धोक असल्यामुळे औषधांच्या आधी करून पाहण्यासारखा आहे. शक्य असल्यास आहार बदलण्यापूर्वी ग्लुटेनशी संबंधित प्रतिपिंडांच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण गहू बंद केल्यावर त्या चाचणीचा अर्थ लावणे अवघड होते.

प्रयोग अर्धवट करण्यापेक्षा न केलेला बरा. गहू, मैदा, रवा, शेवया, जव हे सर्व बंद. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी चालतात. मात्र गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळतेच, म्हणून भाकरीपेक्षा सुरुवातीला शिजवलेला तांदूळ आणि चिकन किंवा अंडी बरी. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचे पीठ घातलेले असते, तेव्हा फोडणीचे वरण कुत्र्याच्या भांड्यात जाऊ नये. कांदा-लसूण कुत्र्याला तसेही विषारीच आहे. चघळायच्या काड्या, चव लावलेल्या जंताच्या गोळ्या आणि सत्यनारायणाचा शिरा ही तीन ठिकाणे लोक हमखास विसरतात. घरचा आहार दीर्घकाळ चालवायचा असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गुण आला की नाही हे कधी ठरवायचे, याला मी एक साधा हिशेब वापरला : आधीच्या झटक्यांमधले सर्वांत मोठे अंतर घ्यावे, त्याची तिप्पट करावी आणि हा काळ तीन महिन्यांपेक्षा कमी आल्यास तीन महिने धरावेत. तेवढा काळ आहार आणि औषधे यांत दुसरा कोणताही बदल करू नये. घरातील सर्वांत कठीण रुग्ण कुत्रा नसतो, आजोबा असतात. त्यांच्या खिशात गव्हाच्या बिस्किटाऐवजी उकडलेल्या चिकनचे तुकडे असलेली डबी द्यावी, म्हणजे प्रेमही चालू राहते आणि प्रयोगही.

सातवी पायरी : औषधे

क्वचित येणाऱ्या, कुत्र्याच्या रोजच्या जगण्यात अडथळा न आणणाऱ्या झटक्यांना औषधाची गरज नसते, आणि कित्येक कुत्र्यांत काळाबरोबर ते आपोआप कमी होतात. गरज पडलीच तर डॉक्टर अ‍ॅसिटाझोलामाइड, क्लोनाझेपाम किंवा फ्लुओक्सेटिन यांचा विचार करतात. ही माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी नावे आहेत, म्हणूनच स्वतःच्या मनाने मात्रा ठरवण्याचा मोह टाळावा. अपस्मारावरच्या फेनोबार्बिटालचा डिस्कायनेशियात बहुधा उपयोग होत नाही, आणि विरळा का होईना, त्याच्यामुळेच डिस्कायनेशिया झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. तरीही निदान बदलले म्हणून ती गोळी एका दिवसात बंद करू नये, कारण अचानक बंद केल्याने खरीच फिट येऊ शकते. आमच्याकडे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांच्या हिशेबाने उतरवली.

घर, पाऊस आणि ढोल

चकचकीत फरश्यांवर दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत घसरणार नाही अशा चटया टाकाव्यात. बेलमुळे झटका येत असेल तर बेलऐवजी फोनवर कळवण्याची सवय पाहुण्यांना लावावी, किंवा बेल वाजताच कुत्र्याला आतल्या खोलीतल्या ठरावीक जागी जायला शिकवावे. आगमन-विसर्जनाच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके ठरलेल्या तारखांना येतात, तेव्हा त्या संध्याकाळी फेरी आधीच आटोपून, खिडक्या बंद करून, पंख्याच्या आवाजात त्याला बसवावे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या दमट उन्हात धावणे-खेळणे पहाटेपुरते ठेवावे. पावसाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर मोकळे सोडण्याऐवजी पट्ट्यावर चालवावे, कारण पाण्यात असताना झटका आला तर शुद्धीवर असलेला कुत्राही पोहू शकत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये झटका आल्यास लोकांना तो पिसाळल्यासारखा वाटू शकतो. सुरक्षारक्षकाला आणि शेजाऱ्यांना आधीच चित्रफीत दाखवून लसीकरणाची प्रत सोसायटीच्या कार्यालयात दिली, की नंतरची बाचाबाची टळते.

जनुकीय चाचणी आणि पुढची पिढी

कॅव्हेलियरमधील एपिसोडिक फॉलिंग आणि लॅब्रॅडॉरमधील व्यायामजन्य कोलॅप्स यांसाठी गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर डीएनए चाचणी करता येते. लॅब्रॅडॉरच्या डिस्कायनेशियासाठी तशी चाचणी नाही, त्यामुळे 'सर्व जनुकीय चाचण्या नॉर्मल' असा कागद दाखवणाऱ्याला कोणत्या चाचण्या, हे विचारावे. चाचणी असलेले हे दोन्ही आजार अप्रभावी वारशाने जातात : दोन निरोगी दिसणारे वाहक एकत्र आले, तर सरासरी चारात एक पिल्लू आजारी, दोन वाहक आणि एक दोषमुक्त असते. म्हणून आई-बाप दोघेही धडधाकट होते, हा पुरावा होत नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, आरोग्य नाही. क्रॉफर्ड मार्केट परिसरातून घाईने पिल्लू आणणाऱ्यांना तर बहुधा वंशावळही मिळत नाही.

निदान झालेल्या कुत्र्याकडून पिल्ले घेऊ नयेत आणि नसबंदीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. ज्यांच्याकडून पिल्लू घेतले त्यांना चित्रफीत, डॉक्टरांचे निदानपत्र, जन्मतारीख आणि आई-बापांचे नोंदणी क्रमांक लेखी पाठवावेत. फोनवरची तक्रार विसरली जाते आणि त्याच जोडीची पुढची वीण जन्माला येते. त्याच पत्रात भावंडांच्या मालकांशी संपर्क जोडून देण्याची विनंती करावी. आमच्या कुत्रीच्या सात भावंडांपैकी दोघांची घरे अशी सापडली, आणि त्यांतल्या ठाण्याच्या घरात एक कुत्रा दोन वर्षांपासून 'फिट'च्या गोळ्या घेत होता.